कोपऱ्यातले वेडेवाकडे तारे: स्क्रूला हात लावण्याआधी आणि नंतर

दुर्बिणीला कॅमेरा जोडून काढलेल्या फोटोत मधले तारे गोल आणि कोपऱ्यातले वाकडे येत असतील, तर आधी हातातली ॲलन की खाली ठेवा. टिल्ट प्लेटचे, म्हणजे कॅमेऱ्याचा तिरकेपणा काढणाऱ्या चकतीचे, स्क्रू फिरवणं हा या प्रकरणातला शेवटचा टप्पा आहे आणि बहुतेक जण नेमकी तिथूनच सुरुवात करतात. मीही केली होती. ८० मिमीच्या एफ/६ रिफ्रॅक्टरवर (भिंगांच्या दुर्बिणीवर; एफ/६ म्हणजे फोकल लेंग्थ व्यासाच्या सहापट) माझ्या फोटोंचे खालचे दोन कोपरे अचानक बिघडले. मध्ये तारे टाचणीच्या टोकासारखे, खाली तांदळाच्या दाण्यासारखे. सलग चार निरभ्र रात्री मी स्क्रू फिरवत बसले. एक कोपरा सुधारला की दुसरा रुसायचा. पाचव्या दिवशी सकाळी साफसफाईसाठी कॅमेरा हातात घेतला, तेव्हा फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारी चकती) आणि कॅमेऱ्यामधली रिंग अर्धा आटा सुटलेली सापडली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

वाईट भाग पुढेच होता. रिंग घट्ट केल्यावर चार रात्रींत फिरवलेले सगळे स्क्रू चुकीचे ठरले आणि ते मूळ जागी आणायला आणखी दोन रात्री गेल्या. तेव्हापासून मी एक क्रम पाळते. आधी ओळख, मग मोजमाप, मग जोड, मग अंतर आणि सगळ्यात शेवटी टिल्ट. आणि एका वेळी एकच बदल.

स्टॅक बाजूला ठेवा, एकच फ्रेम उघडा

तयार फोटोवरून निदान करू नका. स्टॅक होताना, म्हणजे अनेक फोटो मिळून एक होताना, फ्रेम एकमेकींवर बसवल्या जातात, थोड्या ताणल्या आणि वळवल्या जातात. त्यात मूळ दोष पुसट होतो आणि कधी नसलेला दोष तयार होतो. दोन वेगवेगळ्या रात्रींच्या, कॅमेरा किंचित फिरलेल्या फ्रेम एकत्र केल्या तर कोपऱ्यांत जुळवणीची चूक दिसते आणि आपण बिचाऱ्या फ्लॅटनरला (प्रतिमा सपाट करणाऱ्या भिंगांना) दोष देतो.

तपासणीसाठी एकच कच्ची फ्रेम घ्या. रंगीत कॅमेरा असेल तर त्यातलं हिरवं चॅनेल बघा, कारण लाल-निळ्या कडांमुळे ताऱ्याचा आकार डोळ्याला फसवतो. क्षेत्र ताऱ्यांनी भरलेलं हवं. हंस तारकासमूहातला आकाशगंगेचा पट्टा उत्तम. तेजोमेघ नको, मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याचा त्रास होतो. क्षेत्र क्षितिजापासून निदान ६० अंश वर असावं. खाली गेलं की वातावरणच ताऱ्याचं छोटं इंद्रधनुष्य करतं, एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळं, आणि तेही अख्ख्या फ्रेमभर.

ही सगळी कामं पौर्णिमेच्या आसपास करता येतात. एरवी त्या रात्री फुकटच जातात. फक्त चंद्र क्षेत्राच्या जवळ नको.

तीन सेकंद विरुद्ध तीन मिनिटं

ट्रॅकिंग चालू ठेवून त्याच क्षेत्राचे तीन सेकंदांचे पाच फोटो घ्या, मग गायडिंगसह, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा सुधारत, तीन मिनिटांचा एक. दोन्ही शेजारी ठेवा.

छोट्या फ्रेममध्ये कोपरे ठीक आणि मोठ्या फ्रेममध्ये बिघडलेले असतील तर दोष प्रकाशमार्गात नाही, हालचालीत आहे. सगळे तारे, मधलेसुद्धा, एकाच दिशेने लांबलेले असतील तर गायडिंग, माऊंट (दुर्बीण फिरवणारा आधार) किंवा मुख्य दुर्बीण आणि गाईडस्कोप (गाईड तारा बघणारी छोटी दुर्बीण) यांच्यातली लवचीकता. गाईड ताऱ्यापासून जितकं दूर जावं तितके तारे जास्त लांब आणि कमानीसारखे वळलेले असतील तर क्षेत्र फिरतंय, म्हणजे माऊंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्यात चूक आहे. अशा वेळी स्पेसर (अंतर वाढवणारी रिंग) बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

छोट्या पाच फ्रेममध्ये लांबण्याची दिशा दर वेळी वेगळी असेल तर वारा किंवा थरथर. पाचही फ्रेममध्ये तोच कोपरा तसाच वाकडा असेल, तरच पुढे वाचा.

नक्षी वाचायची कशी

फ्रेमचे चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि केंद्र, असे नऊ तुकडे कापून एका चौकटीत शेजारी शेजारी मांडा. पिक्सइनसाइटमध्ये त्यासाठी तयार स्क्रिप्ट आहे, सिरिल आणि ॲस्टॅप टिल्ट मोजून देतात, नीनामध्ये प्लगइन मिळतं. काहीच नसेल तर कुठल्याही फोटो एडिटरमध्ये हाताने कापा, दहा मिनिटांचं काम आहे. महत्त्वाचं हे की एका ताऱ्याकडे बघू नका, नऊ तुकड्यांमधला परस्परसंबंध बघा.

चारही कोपरे सारखेच बिघडलेत आणि केंद्र छान आहे? मग बॅक फोकस, म्हणजे फ्लॅटनर ते सेन्सर हे अंतर चुकलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. केंद्रावर नीट फोकस केलेला असताना तारे मध्याकडे रोखल्यासारखे, चाकाच्या आऱ्यांसारखे लांबलेले असतील तर सेन्सर बहुधा जास्त जवळ आहे आणि अंतर वाढवायला हवं. मध्याभोवती फेर धरल्यासारखे वळलेले असतील तर सेन्सर जास्त लांब आहे. बहुतेक फ्लॅटनरना हा नियम लागू पडतो. पण फोकस थोडा इकडचा तिकडे गेला तर हीच नक्षी उलटी दिसू शकते, त्यामुळे केवळ नक्षीवर विसंबून स्पेसर विकत घेऊ नका.

एकच कोपरा किंवा एकच बाजू वाईट आणि समोरची चांगली? टिल्ट, म्हणजे सेन्सर आणि प्रतिमेचं प्रतल एकमेकांना समांतर नाही.

तारे धूमकेतूसारखे, शेपूट केंद्रापासून बाहेर गेलेलं? न्यूटोनियनचा, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीचा, कोमा. त्याच्याकडे शेवटी येऊ.

अख्ख्या फ्रेमभर, केंद्रातसुद्धा, तारे त्रिकोणी? आरसा किंवा भिंग कुठेतरी चिमटलं गेलंय. आरशाच्या तीन क्लिपा जास्त आवळल्या असतील किंवा थंडीत धातूची चौकट आकसून काचेला दाबत असेल. क्लिप आणि आरसा यांच्यात कागद जेमतेम सरकेल एवढी फट हवी.

आणि कोपऱ्यातले तेजस्वी तारे एका बाजूने कापल्यासारखे दिसत असतील तर वाटेत काहीतरी आडवं येतंय. बहुतेकदा ऑफ-ॲक्सिस गायडरचं (गाईड कॅमेऱ्यासाठी कडेचा प्रकाश बाजूला वळवणारं) प्रिझम जास्त खाली उतरलेलं असतं. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाचा फोटो) उघडून बघा, त्याच बाजूला काळसर पट्टा दिसेल.

नक्षी वाचताना एक सापळा आहे. टिल्ट आणि चुकीचं अंतर हे दोघं बहुतेक वेळा एकत्रच नांदतात, आणि तेव्हा डोळा हमखास फसतो.

फोकसची शिडी: डोळ्यावर नको, आकड्यावर विश्वास

एकच चाचणी करायला वेळ असेल तर ही करा. प्रत्येक कोपरा स्वतः कुठल्या फोकसला सगळ्यात बारीक होतो, हे स्वतंत्रपणे मोजायचं.

इलेक्ट्रॉनिक फोकसर असेल तर आधी त्याच्या एका स्टेपची किंमत काढा. एक हजार स्टेप फिरवा आणि नळी किती सरकली ते व्हर्नियर कॅलिपरने मोजा. माझी ४ मिमी सरकते, म्हणजे एक स्टेप ४ मायक्रॉनची. मग केंद्राच्या फोकसपासून बरंच अलीकडे जाऊन एकाच दिशेने सहा-सहा स्टेपनी पुढे या आणि प्रत्येक ठिकाणी तीन सेकंदांच्या तीन फ्रेम घ्या. उलट दिशेने कधीही फिरवू नका, नाहीतर गिअरमधली ढिलाई आकड्यांत शिरते. तीन फ्रेम यासाठी की वातावरण एखादी नासवतंच. पंधरा-सोळा थांबे पुरतात.

आता केंद्र आणि चार कोपरे, या पाच जागी ताऱ्यांचा सरासरी एचएफआर (ताऱ्याचा अर्धा प्रकाश सामावणारी त्रिज्या) काढा आणि प्रत्येक जागेसाठी तो कुठल्या थांब्याला कमीत कमी होतो ते लिहा. आलेख काढून तळ शोधला तर दोन थांब्यांमधलाही आकडा मिळतो. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: केंद्र ५२००, वरचा डावा ५२०६, वरचा उजवा ५२०७, खालचा डावा ५२१८, खालचा उजवा ५२१९.

हे आकडे नीट बघा. चारही कोपऱ्यांची सरासरी ५२१२.५ येते, म्हणजे कोपरे केंद्रापासून साडेबारा स्टेप, ५० मायक्रॉन दूर. ही झाली उरलेली वक्रता, अंतराची चूक. वर आणि खाली यांच्यात १२ स्टेपचा, ४८ मायक्रॉनचा फरक. हा झाला टिल्ट. डावं-उजवं एका स्टेपचं, तो नुसता गोंगाट, सोडून द्या.

आता चूक किती चालते? फोकसच्या सुरक्षित पट्ट्याची जाडी ढोबळपणे ४.८८ गुणिले तरंगलांबी गुणिले एफ-आकड्याचा वर्ग. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली तर एफ/६ ला सुमारे ९७ मायक्रॉन, म्हणजे पुढे-मागे ४८ मायक्रॉन. एफ/४ ला एकूण ४३ आणि एफ/२ ला जेमतेम ११. वेगवान दुर्बिणी घेतलेल्या लोकांची झोप का उडते ते इथे कळतं.

माझ्या दुर्बिणीत फोकस केंद्रावर असताना वरचे कोपरे २४ ते २८ मायक्रॉन चुकलेले, पट्ट्याच्या आत, म्हणून डोळ्याला छान. खालचे ७२ ते ७६, पट्ट्याबाहेर, म्हणून वाईट. फोटो बघून कुणीही शपथेवर सांगेल की हा शुद्ध टिल्ट आहे. प्रत्यक्षात अर्धा गुन्हा अंतराचा होता. नुसता टिल्ट काढला असता तर चारही कोपरे ५० मायक्रॉनवर, अगदी उंबऱ्यावर येऊन बसले असते, आणि तापमान थोडं बदललं की चौघांनीही एकदम मान टाकली असती.

हाताने फिरवायचा फोकसर असेल तरी शिडी जमते. बटणाला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर खुणा करा. आकडे ओबडधोबड येतील, पण कोपऱ्यांचा क्रम खरा येईल.

दिवसाउजेडी जोड तपासा

दुर्बीण टेबलावर आडवी ठेवा, कॅमेरा दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली करा. कुठे टक् असा आवाज, कुठे किंचित हालचाल? फोकसरची नळी, रोटेटर (कॅमेरा फिरवता येणारा जोड), फिल्टर व्हीलचे दोन्ही चेहरे, प्रत्येक रिंग, एकेक करून. माझी सुटलेली रिंग एम४२ ची होती. तिच्या आट्याचं पाऊल ०.७५ मिमी, म्हणजे अर्ध्या आट्याने अंतरात जवळपास ०.४ मिमी भर पडली होती आणि शिवाय कॅमेरा स्वतःच्या वजनाने खाली लोंबत होता. अंतर आणि टिल्ट, दोन्ही दुखणी एका रिंगेत.

दोन इंची नळी दोन-तीन स्क्रूंनी आवळून बसवली असेल तर तिच्यावर आधी संशय घ्या. स्क्रू आवळताना नळी समोरच्या भिंतीवर ढकलली जाते आणि तिरकी होते. दर वेळी थोडी वेगळी तिरकी, हे अधिक त्रासदायक. आट्यांनी जोडता येत असेल तर आट्यांनीच जोडा.

रात्री याचीच दुसरी तपासणी: दुर्बीण माथ्याकडे असताना एक फ्रेम, मेरिडियनच्या (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) पूर्वेला असताना एक आणि पश्चिमेला वळवल्यावर एक. पक्का टिल्ट असेल तर वाईट कोपरा फ्रेममध्ये त्याच जागी राहतो. वळवल्यावर तो कोपरा हलला तर काहीतरी गुरुत्वाकर्षणाने झुकतंय, आणि झुकणाऱ्या वस्तूचा टिल्ट स्क्रूने कधीच निघत नाही.

अंतर: ५५ मिमीचा हिशेब

रिफ्रॅक्टर हे अंतर इतकं मनावर का घेतो? साध्या दोन भिंगांच्या दुर्बिणीत प्रतिमा सपाट पडद्यावर नाही, वाटीसारख्या पृष्ठभागावर तयार होते आणि त्या वाटीची त्रिज्या फोकल लेंग्थच्या साधारण एक तृतीयांश असते. माझ्या ४८० मिमीसाठी १६० मिमी. एपीएस-सी सेन्सरचा कोपरा केंद्रापासून १४ मिमीवर, तिथे वाटी सुमारे ०.६ मिमी उचललेली असते. मुभा ४८ मायक्रॉनची आणि चूक ६०० ची! ही वाटी सपाट करण्याचं काम फ्लॅटनर करतो, पण तो ठरलेल्या अंतरावर असेल तरच. चार-पाच भिंगांच्या पेट्झव्हल दुर्बिणीत हे काम नळीच्या आतच झालेलं असतं, त्यामुळे अंतराची कटकट नाही. टिल्टची मात्र तिथेही आहेच.

बऱ्याच फ्लॅटनरसाठी हे अंतर ५५ मिमी असतं आणि ते आलंय डीएसएलआरच्या काळातून. कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यात माऊंट ते सेन्सर ४४ मिमी, त्यात टी-रिंगचे, म्हणजे कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या रिंगेचे, ११. निकॉनच्या एफ माऊंटला ४६.५, म्हणून त्याची रिंग ८.५. पण ५५ हा काही कायदा नाही. सेलेस्ट्रॉनच्या एफ/६.३ रिड्यूसरला (फोकल लेंग्थ कमी करणाऱ्या भिंगांना) १०५ मिमी लागतात. आपल्या फ्लॅटनरच्या माहितीपत्रकात आकडा बघा, आणि तो आट्याच्या मुळापासून मोजायचा की टोकापासून, हेही बघा. तिथे चूक झाली तर चार-पाच मिमीचा घोळ होतो.

बेरीज करताना प्रत्येक तुकडा कॅलिपरने मोजा, छापील आकड्यावर जाऊ नका. मग फिल्टर. काच प्रकाशाचा शंकू लांबवते, काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने. २ मिमी जाडीच्या फिल्टरसाठी ०.७ मिमी, ३ मिमीसाठी १. हे अंतर मिळवायचं, वजा करायचं नाही. म्हणजे ५५ चे ५५.७ करायचे. मी स्वतः पहिल्यांदा वजा केलं होतं आणि चूक दुप्पट करून घेतली होती.

बेरीज जुळली तरी अंतिम उत्तर ताऱ्यांकडूनच घ्या. ०.५ मिमीची पातळ स्पेसर रिंग घाला, शिडी पुन्हा चढा आणि एकच आकडा बघा: कोपऱ्यांची सरासरी वजा केंद्र. माझ्या ५० मायक्रॉनचे ०.५ मिमीनंतर २९ झाले, आणखी ०.५ नंतर ८. तिथे थांबले. आकडा कमी होण्याऐवजी वाढला असता तर रिंग काढून उलट दिशेने गेले असते. नक्षी बघून डोकं लढवण्यापेक्षा हे खूप स्वस्त पडतं.

एवढ्याशा अंतराने काय होतं असं वाटत असेल तर हबल दुर्बीण आठवा. तिचा आरसा घासताना वापरलेल्या चाचणी उपकरणात एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसलं होतं. आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली, १९९० मध्ये दुर्बीण वर गेल्यावर फोटो धूसर आले आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना जाऊन ते दुरुस्त करावं लागलं. आपल्याला निदान अंगणापर्यंतच जायचं असतं.

टिल्ट कुणाचा? कॅमेरा फिरवून विचारा

सरासरी जुळली, तरी वर-खाली फरक उरला. आता कॅमेरा रोटेटरमध्ये ९० अंश फिरवा, पुन्हा फोकस करा आणि फ्रेम घ्या.

वाईट बाजू फोटोत त्याच जागी राहिली, म्हणजे खाली होती आणि खालीच आहे, तर दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला: सेन्सर, फिल्टर व्हील किंवा रोटेटरच्या कॅमेऱ्याकडची एखादी रिंग. वाईट बाजू फोटोत सरकून डावी-उजवीकडे गेली, तर दोष दुर्बिणीकडे राहिला: फोकसर, त्याची झुकलेली नळी, किंवा भिंगांची जुळणी. फ्लॅटनर कुठल्या बाजूला मोजायचा हे तुमचा रोटेटर त्याच्या पुढे आहे की मागे, यावर अवलंबून आहे. दोन्हीकडे थोडं थोडं असेल तर बाजू अर्धवट सरकते, आणि असंही बरेचदा होतं.

दोष फोकसरकडे असेल तर तो फोकसरवरच काढा. अनेक फोकसरना नळीशी जोडणारे तीन स्क्रू असतात किंवा पट्टीवरचा दाब वाढवता येतो. कॅमेऱ्यासमोरच्या टिल्ट प्लेटने फोकसरचा दोष झाकता येतो, पण कॅमेरा फिरवला की तो दुप्पट होऊन परत येतो.

दोष कॅमेऱ्यात असेल तर टिल्ट प्लेट. माझ्या प्लेटवर वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये ७० मिमी अंतर आहे आणि शिडीसाठी मोजलेल्या वरच्या-खालच्या कोपऱ्यांमध्ये १४ मिमी. म्हणजे सेन्सरवरच्या ४८ मायक्रॉनसाठी प्लेटच्या कडेला पाचपट, २४० मायक्रॉन उचल हवी. स्क्रू एम३ चा, एका फेऱ्याला ०.५ मिमी. म्हणजे अर्ध्या फेऱ्याला जरासा कमी. हा हिशेब आधी केला असता तर त्या चार रात्री मी एकेका वेळी दोन-दोन फेरे मारत बसले नसते.

कुठला स्क्रू कुठला कोपरा हलवतो याचा अंदाज बांधू नका. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, आणि काही सॉफ्टवेअर ती पुन्हा उलटवतात. प्रत्येक स्क्रूशेजारी चिकटपट्टीवर आकडा लिहा, क्रमांक एक मुद्दाम पूर्ण फेरा फिरवा, फ्रेम घ्या, कुठला कोपरा बोंबलला ते लिहून ठेवा आणि स्क्रू परत आणा. ढकलणारे आणि ओढणारे स्क्रू वेगळे असतील तर आधी ओढणारा सैल, मग ढकलणारा फिरवा, मग ओढणारा पुन्हा घट्ट. आणि घट्ट केल्यावरच फ्रेम घ्या, कारण आवळताना प्लेट थोडी सरकतेच.

ढगाळ दिवसांत टेबलावरही बरंच साधतं. कॅमेरा वर तोंड करून एखाद्या ठोकळ्यात बसवा, लेझर तिरका सेन्सरवर मारा आणि परावर्तित ठिपके समोरच्या भिंतीवर बघा. कॅमेरा स्वतःभोवती फिरवल्यावर सेन्सरचा ठिपका वर्तुळ काढू लागला तर सेन्सर तिरका. ठिपके अनेक दिसतील. संरक्षक काचेचा ठिपका एकटा असतो, आणि सेन्सरभोवती जाळीसारखी लहान ठिपक्यांची रांगोळी दिसते. आपल्याला रांगोळीचं केंद्र हवं. लेझर आणि त्याचं परावर्तन डोळ्यांच्या उंचीला नको.

न्यूटोनियनवाल्यांसाठी

इथे कोमा हा दोष नाही, अन्वस्त आरशाचा स्वभावच आहे. एक मीटर फोकल लेंग्थच्या एफ/५ आरशात केंद्रापासून १२ मिमीवरच्या ताऱ्याचं कोमाचं शेपूट सिद्धांतानुसार सुमारे ९० मायक्रॉन लांब असतं, ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर चोवीसेक पिक्सेल. टोकाकडे ते फिकट होत जातं, म्हणून फोटोत थोडं आखूड दिसतं. त्यामुळे कोमा करेक्टर हवाच, आणि त्याचंही ठरलेलं अंतर असतं.

पण करेक्टर असूनही एकीकडे शेपट्या आणि दुसरीकडे नाही, असं असेल तर सगळ्या शेपट्या मागे वाढवून बघा, त्या कुठे मिळतात. त्या फ्रेमच्या केंद्रात न मिळता बाजूला मिळत असतील तर आरशांची जुळणी, म्हणजे कोलिमेशन, चुकलंय. आधी ते करा. त्याआधी लेझर कोलिमेटरलाच तपासा: फोकसरमध्ये तो स्वतःभोवती फिरवल्यावर ठिपका आरशावर वर्तुळ काढत असेल तर कोलिमेटरच वाकडा आहे. जुळणी करताना फोकसरची नळी फोटो काढताना असते तेवढीच बाहेर ठेवा आणि लॉक स्क्रूही तेवढाच आवळा, कारण आवळल्यावर नळी झुकते.

कोलिमेशन होण्याआधी टिल्ट मोजू नका. मुख्य आरसा तिरका असेल तर प्रतिमेचं प्रतलही तिरकं असतं आणि तुम्ही आरशाची चूक सेन्सरवर लादाल.

कुठे थांबायचं

सॉफ्टवेअर ताऱ्याचा लांबुळकेपणा (उत्केंद्रता) एका आकड्यात देतं. ०.४२ म्हणजे रुंदी लांबीच्या साधारण ९१ टक्के, डोळ्याला गोलच वाटतं. ०.६ म्हणजे ८० टक्के, तिथे डोळा अडखळू लागतो. कोपऱ्यांत ०.५ च्या आसपास आलं आणि शिडीतले पाचही आकडे सुरक्षित पट्ट्यात बसले की मी थांबते. फोकस मी नेमक्या केंद्रावर करत नाही. केंद्र आणि कोपरा यांच्यामध्ये, केंद्रापासून साधारण एक तृतीयांशावर करते, म्हणजे उरलेली वक्रता दोघांत वाटली जाते.

आणि फुलफ्रेम सेन्सरचा कोपरा केंद्रापासून २१.६ मिमीवर असतो हे विसरू नका. दुर्बिणीचं दुरुस्त वर्तुळच ३० मिमी व्यासाचं असेल तर जगातला कुठलाही स्पेसर तो कोपरा गोल करणार नाही. तिथे फोटोवर कात्री चालवा. कोपरे गोल करून देणारी सॉफ्टवेअर आता चांगली झालीत, मीही वापरते. पण विस्कटलेल्या प्रकाशात बुडालेला फिकट तारा ती परत आणू शकत नाहीत, म्हणून आधी यंत्र, मग सॉफ्टवेअर.

सगळं जुळलं की प्रत्येक जोडावरून पेन्सिलची एक आडवी रेघ ओढा, एका रिंगेवरून दुसरीवर जाणारी. पुढच्या वेळी कोपरा बिघडला तर बॅटरी घेऊन आधी त्या रेघा बघायच्या. माझी एक रेघ गेल्या महिन्यात दोन मिमी सरकलेली दिसली, पुन्हा तीच फिल्टर व्हीलमागची रिंग. या वेळी दोन मिनिटांत काम झालं.